बाराखडी तोंडपाठ, पण मधलं अक्षर ओळखता येत नाही: वाचनाची पूर्वतयारी कशी करावी?

निळी_छत्री
नमस्कार. मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. अ ते ज्ञ क्रमाने म्हणते, 'क का कि की'ही घडाघडा म्हणते. पण तक्त्यावर मध्येच 'कू'वर बोट ठेवलं की तिला 'क'पासून म्हणत यावं लागतं. सुटा 'न' दाखवला तर 'नळाचा' म्हणते आणि थांबते. ठिपके जोडून अक्षरं गिरवते, पण पेन्सिल इतकी दाबते की मागच्या पानावर वळ उमटतात. गोष्टी आवडीने ऐकते, मात्र रोज तेच पुस्तक हवं असतं. घरात मराठी आहे, शाळेची भाषा वेगळी असणार आहे.

रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं देता येतील. ती नेमकी कशावर द्यावीत? आणि लिहिणं आत्ता पुढे न्यावं की थांबवावं?

बालवर्ग_शिक्षिका
बाराखडी तिला गाण्यासारखी येते. गाण्याच्या तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द कोणी विचारला तर मोठी माणसंही पहिल्यापासूनच म्हणत येतात. पाठांतर वाया जात नाही, पण आकार बघून आवाज आठवणं हे वेगळं काम आहे. त्याच्याही आधीचं काम म्हणजे बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाला वेगवेगळे कळणं. तुम्ही तिथून सुरुवात करा. त्याला पुस्तक लागत नाही, पेन्सिल लागत नाही. आंघोळ घालताना, जिना चढतानाही करता येतं.

सगळ्यात सोपं म्हणजे तुटलेला शब्द जोडणं. तुम्ही 'घो…डा' म्हणा, मध्ये सेकंदभर थांबा, पूर्ण शब्द तिने म्हणायचा. हे जमलं की उलटं: शब्द तुम्ही म्हणायचा, तिने तुकड्यागणिक टाळी वाजवायची. इथे बहुतेक मोठी माणसं चुकतात, कारण ती मनातल्या मनात लिहिलेली अक्षरं मोजतात. 'घर' लिहिताना अक्षरं दोन, बोलताना तुकडा एक. 'माकड' लिहिताना तीन, बोलताना दोन: मा-कड. 'खिडकी'सुद्धा दोनच: खिड-की. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' सहसा उच्चारला जात नाही, मधलाही बऱ्याचदा गळतो. मूल 'माकड'ला दोन टाळ्या वाजवतं तेव्हा त्याचा कान बरोबर ऐकत असतो. त्याला 'नाही, तीन' असं सांगितलं की ते ऐकणं सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. म्हणून सुरुवातीला असे शब्द घ्या ज्यात अक्षरं आणि तुकडे सारखेच असतात: टोपी, मासा, गाडी, बाहुली, ससा. पुढे तुकडा काढून टाकण्याचा खेळ: 'आगगाडी'तून 'आग' काढली तर काय उरलं? 'फुलपाखरू'तून 'फुल' काढलं तर? हा अवघड आहे, पाच वर्षांच्या आसपास जमला तरी चालेल.

यमक मध्येमध्ये घ्या. 'गाणी, राणी, टोपी' यांतला वेगळा कोणता? निरर्थक शब्दही चालतात. उलट ते जास्त उपयोगी, कारण अर्थाचा आधार नसल्यामुळे मुलाला फक्त आवाजच ऐकावा लागतो.

पहिल्या आवाजाच्या खेळात दोन पायऱ्या आहेत आणि त्या एकत्र केल्या की मूल गोंधळतं. 'मासा, माळ, माती' यांत 'मा' हा अख्खा तुकडा सारखा आहे. हे चार वर्षांच्या मुलाला जमतं. 'मासा, मुंगी, मोर' यांत फक्त म् सारखा आहे, पुढचा स्वर बदलतो. ही बरीच वरची पायरी आहे. काना, वेलांटी, उकार डोळ्यांनी दिसायला लागले की ती आपोआप सोपी होत जाते. तोवर 'म'चे शब्द शोधताना 'मा'ला 'मा'च जोडा. आणि ण, ळ या खेळातून वगळा, त्यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. 'ण बाणाचा' म्हटलं की ज्या मुलाला नुकतंच 'पहिला आवाज शोध' असं शिकवलंय, ते 'बा' सांगतं. त्याचं उत्तर चुकीचं नाही.

अक्षरांबद्दल वेगळं लिहिते, हे आधीच लांबलंय.

बालवर्ग_शिक्षिका
अक्षरं. तक्ता सध्या भिंतीवरून काढून ठेवा. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या शास्त्राप्रमाणे लावलेला आहे. क, ख, ग, घ, ङ हे सगळे घशाकडून येणारे, कानाला एकमेकांच्या अगदी जवळचे आवाज. नव्याने शिकणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं: आवाज लांबचे, आकार वेगळे, आणि चार-पाच अक्षरांत खरे शब्द होतील असे. एक गट सुचवते: क, म, न, ल, स आणि पाठोपाठ काना. एवढ्यात कान, नाक, काम, मान, लाल, मासा, ससा, काका, मामा, मला, कमान, सामान हे सगळे शब्द बसतात. काना पंधराव्या अक्षरानंतर येण्याची वाट बघू नका, पाच अक्षरं झाली की लगेच आणा.

कार्ड साधारण तळहाताएवढं, एका कार्डावर एकच अक्षर, चित्र नाही. 'नळाचा' का येतं? कार्डावर नळाचं चित्र असतं, मूल चित्र वाचतं आणि अक्षराकडे बघायची गरज उरत नाही. चित्राचं कार्ड वेगळं ठेवा आणि नंतर जोडी लावायला द्या. आणखी एक: 'ल' आणि 'श' दोन-दोन वळणांत छापलेले दिसतात, फोनवर एक आणि पुस्तकात दुसरं. घरातल्या सगळ्या कार्डांवर एकच वळण ठेवा, दुसऱ्याची ओळख वाचन बसल्यावर.

शिकवण्याच्या तीन पायऱ्या मॉन्टेसरी पद्धतीतल्या आहेत. दोन किंवा तीनच कार्डं घ्यायची. पहिली: 'हा म. हा स.' बोट फिरवू द्या. दुसरी: 'म कुठे आहे? स माझ्या हातात दे. म उशीखाली लपव.' तिसरी: 'हा कोणता?' घाई होते ती दुसऱ्या पायरीवर. ती सगळ्यात लांब हवी, आठ-दहा वेळा तरी कार्डं हलवून, जागा बदलून. ओळखणं आधी येतं, आठवून सांगणं नंतर. तिसऱ्या पायरीवर मूल अडलं तर 'विसरलीस का?' न म्हणता सरळ दुसरीवर परत या.

पक्कं कधी समजायचं? कार्डं पिसून, कुठल्याही क्रमाने, दोन-तीन सेकंदांत आवाज आला आणि असं वेगवेगळ्या तीन दिवशी झालं, की पुढचं अक्षर. 'क'पासून म्हणत यायची सवयही याच पिसण्याने सुटते.

दिसायला सारखी अक्षरं एकत्र आणू नका: घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य, आणि ट-ठ-ढ-द ही चौकडी. एक पूर्ण बसल्यावर काही आठवड्यांनी दुसरं. दोन्ही एकदम शिकवून 'फरक बघ' म्हटलं की गोंधळ कायमचा बसतो. स्वरचिन्हांत काना आधी, मग दुसरी वेलांटी, कारण ती अक्षराच्या पुढे येते आणि आवाजही पुढेच येतो. पहिली वेलांटी उशिरा घ्या: ती लिहिली जाते अक्षराच्या आधी, ऐकू येते नंतर. 'रु' आणि 'रू' सगळ्यात शेवटी, त्यात उकार खाली न येता र च्या पोटात येतो. जोडाक्षरं या वयात शिकवायचीच नाहीत. पुस्तकात आली तर तुम्ही वाचून पुढे जा.

पाटीपेन्सिल
लिहिण्यापुरतं बोलतो. सव्वाचारला अक्षरलेखन पुढे नेऊ नका, हाताची तयारी न्या.

मुलं आकार काढायला साधारण ठरावीक क्रमाने शिकतात: उभी रेघ, आडवी रेघ, तीनच्या सुमारास गोल, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि तिरक्या रेघा असलेला त्रिकोण पाचच्या आसपास. नुसतं बघून, ठिपक्यांशिवाय ती गोल आणि अधिक नीट काढते का ते बघा. चौकोनाचे कोपरे गोल होत असतील तर घ, ध, थ यांच्या गाठी आणि वळणं आत्ता मागणं अन्यायाचं आहे.

ठिपके गिरवण्याची अडचण वेगळी आहे. मूल ठिपका ते ठिपका जातं, अक्षर कुठून सुरू होतं आणि हात कुठे वळतो हे त्याला कळतच नाही. 'न' खालून वर काढूनही पान पूर्ण होतं आणि आपल्याला वाटतं लिहिता आलं. त्याऐवजी पाटीवर वीतभर मोठा 'न' तुम्ही काढा, काढताना बोला: 'डावीकडे छोटी गाठ, आडवं चालत उजवीकडे, उभी दांडी वरून खाली, शेवटी डोक्यावर रेघ.' तिने ओल्या बोटाने त्यावरून जाऊन तो पुसायचा. शिरोरेघ नेहमी शेवटी. आधी रेघ ओढून त्याला अक्षर लटकवायची सवय लागली की अक्षरांची उंची कधीच सारखी येत नाही.

वाळूचा ट्रे वापरत असाल तर थर अर्धा सेंटिमीटर पुरे. जाड थरात कडा ढासळून रेघ बुजते आणि मूल जोर लावायला लागतं. तळाला गडद रंगाचा कागद ठेवला की रेघ स्पष्ट दिसते.

दाबून लिहिण्यावर: बहुतेक वेळा बोटांत ताकद कमी असते, म्हणून मूल मूठ आवळून खांद्यातून जोर लावतं. 'हळू लिही' सांगून फरक पडत नाही. खडूचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे द्या. एवढ्या लहान तुकड्याला मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप येतात. पाटी भिंतीला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, उभ्या पाटीवर लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं. कपड्यांचे चिमटे उघडणं, मळलेल्या मातीचे गोळे, फडकं पिळणं, बोथट कात्रीने जाड कागदाच्या पट्ट्या कापणं, हे सगळं लेखनाचंच काम आहे. कागदावर लिहायचं असेल तेव्हा खाली दुमडलेलं कापड ठेवा. दाबलं की कागद फाटतो, आणि हात हलका ठेवायला ती स्वतःच शिकते. बसताना तळपाय टेकलेले हवेत. लोंबकळत्या पायांनी धड स्थिर राहत नाही.

डावखुरी असेल तर हात बदलू नका. फक्त कागद उजवीकडे कलता करा आणि प्रकाश उजवीकडून येऊ द्या.

गोष्टवेल्हाळ
मला वरच्या सगळ्यात एक भीती वाटते. पंधरा मिनिटांतली बारा मिनिटं कार्डांतच जातील. सहा वर्षांपर्यंत अक्षरांना हातच लावू नये असं माझं मत आहे. या वयात भाषा वाढते ती बोलण्याने आणि गोष्टींनी. फिल गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. भाषा समजत नसेल तर अक्षरं कितीही पक्की असोत, हाती काही लागत नाही.

तेच पुस्तक रोज हवं असणं ही चांगली गोष्ट आहे. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना त्यातले नवे शब्द जास्त लक्षात राहतात. फक्त प्रत्येक फेरीत तुमचं काम बदला. पहिल्यांदा सलग वाचा, प्रश्न नकोत. दुसऱ्या-तिसऱ्यांदा मध्येच थांबा आणि ओळीचा शेवटचा शब्द तिच्यावर सोडा. पुढे 'कोण, कुठे, काय करतोय', त्यानंतर 'का' आणि 'आता काय होईल'. शेवटी गोष्ट तिने सांगायची, पानं तिने उलटायची. एका बैठकीत तीन-चार प्रश्न पुरेत. पानापानावर 'हे काय? ते काय?' सुरू झालं की मूल उठून जातं, आणि ते योग्यच करतं.

उत्तर आल्यावर काय करता हे प्रश्नाहून महत्त्वाचं. ती म्हणाली 'कुत्रा', तर तुम्ही 'हो, पावसात भिजलेला कुत्रा' असं एक-दोन शब्दांनी वाढवा आणि क्षणभर थांबा. ती बहुधा स्वतःच म्हणून बघते. विचारल्यावर मनात पाच अंक मोजा. बहुतेक मोठी माणसं दोनच्या आतच स्वतः उत्तर देऊन मोकळी होतात.

नवा शब्द आला तर गोष्ट न थांबवता चालता अर्थ सांगा: 'तो खजील झाला, म्हणजे आपली चूक कळून त्याला लाज वाटली.' मग दिवसभरात तो शब्द दोनदा तरी खऱ्या प्रसंगात वापरा. नुसता पुस्तकात ऐकलेला शब्द ओळखीचा राहतो, आपला होत नाही.

शाळेची भाषा वेगळी असली तरी घरी गोष्टी मराठीतच वाचा, म्हणजे तुम्ही जी भाषा भरभरून बोलता तीच. तुकडे ऐकण्याचं कौशल्य आणि गोष्टीची समज एका भाषेतून दुसरीत जाते. अडखळत बोललेल्या परक्या भाषेने त्या भाषेचा फायदा होत नाही आणि घरची भाषाही उपाशी राहते.

बालवर्ग_शिक्षिका
@गोष्टवेल्हाळ, गोष्टींबद्दलचा प्रत्येक शब्द पटतो. 'हातच लावू नये' हे पटत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल अर्ली लिटरसी पॅनेलच्या २००८ च्या अहवालात पुढच्या वाचनाशी सगळ्यात घट्ट नातं दिसलेल्या गोष्टींत अक्षरओळख आणि आवाजांची जाण या दोन्ही आहेत. ते अभ्यास मुख्यतः इंग्रजीसारख्या लिपीचे आहेत हे खरं. पण आपल्या लिपीत तर स्वरचिन्हं धरून शेकडो आकार होतात. कन्नडमध्ये झालेल्या अभ्यासात हा संच पक्का व्हायला प्राथमिक शाळेची तीन-चार वर्षं जाताना दिसली. मग सहाव्या वर्षी सगळं एकदम अंगावर पडण्यापेक्षा चारपासून थेंबाथेंबाने का येऊ नये?

वेळेची तुमची काळजी मात्र रास्त आहे, म्हणून प्रमाण सांगते. पंधरा मिनिटं असतील तर दहा पुस्तकाला, दोन-तीन कार्डांना, तीही तिचं मन असेल तरच. आवाजांचे खेळ या पंधरात धरूच नका, ते दिवसभर येताजाता होतात. एखादा दिवस कापायचा झाला तर कार्डं कापा, पुस्तक कापू नका.

पुस्तकातूनही छापील मजकुराकडे लक्ष नेता येतं. चित्रांचं पुस्तक ऐकताना मुलांची नजर अक्षरांवर फारच कमी जाते, डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या अभ्यासांत हे दिसलंय. म्हणून शीर्षकाखाली आणि गोष्टीत परतपरत येणाऱ्या एखाद्या ओळीखाली बोट सरकवा, बाकी मजकूर तसाच वाचा. 'इथून सुरू, इथे संपलं, आता खालच्या ओळीत', 'ही मोकळी जागा आली, म्हणजे शब्द संपला' एवढं एका बैठकीत एकदा. प्रत्येक ओळीखाली बोट नेलं तर गोष्ट मरते.

ध्वनिरेखा
वाणी आणि श्रवणाच्या बाजूने थोडी भर.

'र' हा बऱ्याच मुलांना उशिरा जमणारा आवाज आहे. चार वर्षांचं मूल 'रान'ला 'लान' म्हणत असेल तर ती वाचनाची चूक नाही. बोट बरोबर अक्षरावर पडतंय का ते बघा, उच्चार दुरुस्त करत बसू नका. तुम्ही पुढच्या वाक्यात 'रान' स्पष्ट म्हणा, बस्स. अशा मुलाला 'र' आणि 'ल' एकाच गटात शिकवू नका. ताईंनी सुचवलेल्या गटात 'र' नाही हे म्हणूनच बरं आहे.

कधी दाखवून घ्यावं? चार वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला जवळजवळ सगळं कळायला हवं. ते कळत नसेल, दोन टप्प्यांची सूचना ('बूट काढ आणि पिशवी टेबलावर ठेव') पाळता येत नसेल, किंवा पाचव्या वर्षीही खेळातून सराव होऊन यमक अजिबात ऐकू येत नसेल, तर आधी श्रवणचाचणी करा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून काही आठवडे कमी ऐकू येतं. दुखत नाही, त्यामुळे घरात लक्षात येत नाही. 'लक्षच देत नाही' असा शिक्का बसलेल्या मुलात हे कारण आधी तपासायचं. डोळ्यांची तपासणी पहिलीच्या आधी एकदा व्हावीच.

अक्षरं शिकवणाऱ्या ॲपबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं चांगलं. झोप दहा ते तेरा तास. ॲपमध्ये अक्षर दाबलं की आवाज येतो, मुलाला तो आठवावा लागत नाही. आठवणं हाच तर सराव आहे.

निळी_छत्री
सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता काढला, पाच कार्डं केली. एक शेवटचं: 'स' कधीकधी आरशात दिसल्यासारखा उलटा काढते, आणि स्वतःचं नाव लिहून मागते. नावात जोडाक्षर आहे. द्यावं का?

पाटीपेन्सिल
नाव जरूर द्या. स्वतःचं नाव हा मुलासाठी अक्षरांचा समूह नसून एक अखंड चित्र असतं, म्हणून जोडाक्षराची आडकाठी तिथे येत नाही. पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या चित्रांच्या वहीवर चिकटवा. बघून काढू दे, तुकडे शिकवू नका.

उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतात. कप उलटा धरला तरी कपच असतो, हे मेंदू आधी शिकलेला असतो; अक्षराची दिशा बदलली की अक्षर बदलतं हा नियम त्याला नवा आहे. उलटा 'स' खोडू नका, त्यावर लाल खूण नको. पाटीच्या डाव्या कडेला हिरवा ठिपका द्या आणि 'इथून निघायचं' एवढंच सांगा. सुरुवात बरोबर जागी झाली की बहुतेक वेळा उरलेलं वळण सरळ पडतं. सात वर्षांनंतरही बरीच अक्षरं उलटी येत असतील, आणि सोबत वाचनही अडत असेल, तर मात्र तपासून घ्या.